तिसरं मिनिट

पट्टा थांबला की सगळ्यांना वाटतं, सुटलो.
माझं बघणं तिथून सुरू होतं.

लातूर, औसा रोड, दुसरा मजला.
जिन्यात कुणाचा तरी डबा उघडलेला, शेंगदाण्याच्या चटणीचा वास.
सकाळपासूनचे चौथे : व्यंकट चामे, वय त्रेसष्ट,
झेडपीच्या शाळेतून निवृत्त, खेळाचे सर.
छातीवरचे केस काढताना लाजले.
"पोरांपुढं बनियनवर पळालो हयातभर,
अन् आता कामून लाजायलो, बघा."

दहा ठिकाणी वायरी, दंडाला पट्टी.
धावले मात्र झकास.
चढ वाढवला, वेग वाढवला,
तरी खांदे सैल, कोपरं अंगाला धरून,
नजर समोरच्या भिंतीवर
जिथं बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर अजून एप्रिलवरच आहे.
नऊ मिनिटं.
त्यांच्या निम्म्या वयाचे सहाव्यालाच हात वर करतात.
वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी.
चालतं. धावताना चढायलाच पाहिजे,
न चढला तर ते वेगळंच दुखणं.

मग खुर्ची दिली
आणि घड्याळ सुरू केलं.

पहिलं मिनिट : एकशे चौऱ्याऐंशी.
त्यांनी रुमालानं मान पुसली.
"पास का, मॅडम?"
डॉक्टर सांगतील, म्हटलं.
तिसरं मिनिट : एकशे शहाऐंशी.

मी पट्टी सोडली, पुन्हा बांधली.
आधी यंत्रावर संशय घ्यायचा,
ही माझी माणसाच्या बाजूची सवय.
यंत्र बरोबर होतं.

उदगीरला आमच्या दाराशी काळ्या दगडाची पायरी होती.
मे महिन्यात दिवस मावळून दोन तास झाले
तरी अम्मी तिच्यावर बसू द्यायची नाही.
अंधार पडलेला, चुली विझलेल्या,
शेजारचे लोक बाजा टाकून आडवे झालेले,
आणि दगड अजून दुपारीच.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं, दिवस संपला म्हणून.

सरांचा श्वास जागेवर आला होता. पाय स्वस्थ.
नाडीसुद्धा उतरणीला लागलेली.
आत रक्त तेवढं धडका देत होतं
बंद झालेल्या शर्यतीत.

मला बोलायला मनाई आहे.
तिसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं,
उत्तर एकाला टेकलं, वर गेलं, की लाल पेनानं गोल करायचा,
पुढचं डॉक्टर बघतात.
गोल केला.

सर बोलतच होते.
"शर्यत संपली की पोरं धपकन् बसायची.
मी शिट्टी मारायचो. बसू नका रे, चाला!
घोड्याला सुद्धा फिरवून मग बांधतात."
"आणि तुम्ही, सर?
तुम्ही चालायचात का नंतर?"
"मी?" ते जरा थांबले.
"मी पुढच्या शर्यतीची नावं पुकारायचो."

माझ्या शाळेत मला पळू दिलं नाही, घड्याळ दिलं.
दोरी छातीला लागली की खटका दाबायचा.
वेळ तिथंच संपायची.
त्यानंतर कोण ओकलं, कोण गुडघे धरून बसलं,
ते वहीत लिहायला रकाना नव्हता.
तोच रकाना आता भरते मी, दिवसाला आठ-दहा माणसांचा.

सहावं मिनिट : एकशे सत्तर.
उतरला. उशिरा, पण उतरला.
असं म्हणून मला बरं वाटलं,
आणि बरं वाटण्याचा मला काही अधिकार नाही,
हेही कळलं.

"जिन्यानं जाऊ का?"
"हळू. मधे थांबून. डॉक्टरांना भेटल्याबिगर जाऊ नका."

पाऊण तासानं खिडकीतून दिसले.
फाईल काखेत, स्कूटीला किल्ली लावलेली,
चालू मात्र केली नव्हती.
तिच्याभोवती एक फेरी मारली त्यांनी. मग दुसरी.
पार्किंगवाला बघत राहिला.

तिसरी मोजणार होते,
तेवढ्यात पाचव्या बाई दारात उभ्या,
चप्पल कुठं काढू, विचारत.